हँडहेल्डची ऑपरेटिंग सिस्टिम: आतच ठेवायची की कार्डावर?

हातातल्या गेमिंग पीसीवर विंडोज चालवून बघायचंय, किंवा लिनक्सच्या फोनवर दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचाच वेगळा अवतार), पण आतली चालती सिस्टिम पुसायला मन धजावत नाही. अशा वेळी मायक्रोएसडी कार्डाचा पर्याय समोर येतो. नुसतं बघायचं असेल तर बिनधास्त कार्ड वापरा. रोज तीच सिस्टिम वापरायची असेल, तर मात्र मी आतल्या स्टोरेजच्या बाजूचा.

कार्ड घेताना सगळे पाकिटावरचा मोठा आकडा बघतात. तो इथे फारसा कामाचा नाही. यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाचं एक मानक) स्लॉटची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे, आणि व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या गेमिंग हँडहेल्डचा स्लॉट याच जातीचा. त्याहून जास्त वेग छापलेला असेल तर तो बहुधा कंपनीच्या स्वतःच्या कार्ड रीडरमध्येच मिळतो. शिवाय हा वेग मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. ऑपरेटिंग सिस्टिमचं काम वेगळं. ती सतत कुठून तरी चार केबी वाचते, कुठे तरी चार केबी लिहिते. त्यासाठी कार्डावर ए१ किंवा ए२ हे चिन्ह बघायचं. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं. चार केबीच्या हिशेबाने लेखनाचे जेमतेम २ एमबी झाले! ए२ मध्ये हेच आकडे ४००० आणि २००० आहेत, पण त्यासाठी उपकरणानेही ए२ च्या खास सोयी वापरायला हव्यात. नाहीतर महागडं ए२ कार्ड ए१ च्याच चालीने चालतं. आतली एनव्हीएमई एसएसडी (वेगवान अंतर्गत ड्राइव्ह) याच कामात सेकंदाला लाखांच्या घरात वाचनं-लेखनं करते. आत ईएमएमसी (स्वस्त फोनमध्ये असते तशी हळू स्टोरेज चिप) असेल तर दरी बरीच कमी होते.

याचा त्रास कुठे जाणवतो? गेम लोड होताना तितकासा नाही. अपडेट करून बघा. पॅकेजेस (प्रोग्रॅमचे गठ्ठे) सर्रकन डाउनलोड होतात, मग ती उलगडायची वेळ आली की एकेका ओळीवर स्क्रीन थबकते. ती बसवणारा पॅकेज मॅनेजर मधूनमधून डेटा खरंच कार्डावर उतरल्याची खात्री करून घेतो आणि कार्ड प्रत्येक वेळी दम खातं. तेवढ्यात ब्राउझर उघडलात तर टाइप केलेली अक्षरंही उशिरा उमटतात.

वेगापेक्षा मला खटकतो तो टिकाऊपणा. कार्डातला कंट्रोलर एसएसडीच्या मानाने अगदी साधा असतो. लॉग (नोंदी), कॅश (तात्पुरत्या फाइली), स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) यांचं अखंड लेखन त्याला झेपत नाही, आणि लिहिता लिहिता बॅटरी संपली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. काही कार्डं मरताना आवाजही करत नाहीत. तुम्ही फाइल डिलीट करता, ती गेलेली दिसते, रीस्टार्ट केलं की पुन्हा जागेवर हजर. कार्डाने लिहिणं कधीच सोडलेलं असतं आणि तक्रारही केलेली नसते. कार्डावरच चालवायचं ठरवलंत तर हाय एन्ड्युरन्स (सतत लेखन सोसणारं) कार्ड घ्या, माउंट करताना नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ दरवेळी न लिहिण्याचा पर्याय) लावा आणि स्वॅप कार्डावर ठेवू नका.

मग कार्डाची बाजू काय? प्रयोग आणि डागडुजी, आणि इथे त्याला तोड नाही. पाइनफोन या लिनक्स फोनमधली ए६४ चिप सुरू होताना आधी कार्डाकडे बघते, त्यामुळे आतली सिस्टिम कितीही बिघडवली तरी कार्ड घालून फोन उठवता येतो. जंपड्राइव्ह या छोट्या दुरुस्ती-सिस्टिमचं कार्ड घातलं तर आतली ईएमएमसी यूएसबीवरून थेट कंप्युटरवर ड्राइव्ह म्हणून दिसते. स्टीम डेकवर आवाज कमी करायचं बटण दाबून धरून पॉवर दाबली की कुठून बूट करायचं (सिस्टिम सुरू करायची) ते निवडता येतं. बॅकअपही सोपा: कार्ड काढा, पूर्ण इमेज (कार्डाची हुबेहूब नक्कल) उतरवून घ्या. अर्थात जे तुम्हाला काढता येतं ते दुसऱ्यालाही येतं, म्हणून खाजगी डेटा असेल तर एन्क्रिप्शन हवंच.

विंडोजचं प्रकरण जरा वेगळं. विंडोज टू गो ही बाहेरच्या ड्राइव्हवरून विंडोज चालवण्याची सोय २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आली आणि विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीतून (हे साल नव्हे) काढून टाकली गेली. रूफस या प्रोग्रॅमने तसं कार्ड आजही बनवता येतं, पण मोठे व्हर्जन अपग्रेड त्यावर नेहमीच्या वाटेने बसत नाहीत. एखाद-दुसऱ्या गेमपुरतं ठीक आहे, त्यापुढे नाही.

ॲनबर्निकच्या आरजी३५एक्सएक्ससारख्या रेट्रो हँडहेल्डमध्ये हा प्रश्नच येत नाही, सिस्टिम कार्डावरच असते. तिथे पहिल्याच दिवशी सोबत आलेल्या कार्डाची इमेज काढून ती चांगल्या कार्डावर टाका. दोन स्लॉट आहेत, तेव्हा एकात सिस्टिम, दुसऱ्यात गेम्स.

जागेची अडचण म्हणून कार्डाकडे वळत असाल, तर सिस्टिम हलवायची गरज नाही. ती आत राहू द्या आणि गेम्स कार्डावर टाका. स्टीम डेकची सिस्टिम, स्टीमओएस, कार्ड फॉरमॅट करून हे स्वतःच जमवून देते. ६४ जीबीच्या स्टीम डेकमध्ये ईएमएमसीसुद्धा एम.२ स्लॉटातच (एसएसडी बसवायची खाच) बसवलेली आहे. स्क्रू-ड्रायव्हर धरायची तयारी असेल तर तिच्या जागी २२३० आकाराची एसएसडी बसते, आणि माझ्या मते महागड्या कार्डापेक्षा पैसे तिथे घालावेत.

कार्डच घेणार असाल तर इमेज टाकण्याआधी ते लिनक्सवर एफ३ने किंवा विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यूने (दोन्ही नकली कार्ड पकडणारे प्रोग्रॅम) पूर्ण भरून तपासा. २५६ जीबी छापलेलं नकली कार्ड पहिले काही जीबी अगदी व्यवस्थित चालतं.