“सुरू झाला की उरलेले पाठवा”: प्रोसेसर अपग्रेडच्या नावाखाली मला कसं लुटलं

गेम अडखळत होता. प्रोसेसर बदलावा की नाही, याच घोळात मी होतो आणि या लोकांना नेमकं असंच गिऱ्हाईक लागतं. माझ्याकडे एएमडीचा रायझन 5 3600 प्रोसेसर. विकणाऱ्याने प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाला किती अडवतो हे सांगणाऱ्या कुठल्याशा बॉटलनेक कॅल्क्युलेटरचा आकडा पाठवला, 31 टक्के. तुमच्या मशीनवर काहीही न मोजता काढलेल्या असल्या आकड्यांवर काडीचाही विश्वास ठेवू नका.

सौदा ठरला रायझन 7 5800एक्स3डी चा. नव्याच्या 60 टक्के किंमत, वर माझा 3600 त्याला. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे कॉम्प्युटर सुरू झाल्यावर. व्हिडिओ कॉलवर त्याने चालू मशीन दाखवलं, एल3 कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, 96 एमबी स्पष्ट दिसली. घरी आलेल्या चिपवर मात्र थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, आधीच फासलेली. “पुसू नका, थेट बसवा.” नाव त्या पेस्टखाली.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा काळ्या पडद्यावर नवा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, बसवल्याचा आणि एफटीपीएमचा, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणाऱ्या भागाचा, इशारा आला. वाय दाबू की एन, या काळजीत मी, आणि हा फोनवर: “वाय दाबा, नवा प्रोसेसर ओळखला बघा.” विंडोज उघडलं, मी उरलेले पैसे पाठवले, 3600 पण कुरियरला दिला. माझ्या मदरबोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, 2020 चा. 5800एक्स3डी बाजारात आला एप्रिल 2022 मध्ये. बायोस अपडेट न करता तो सुरू व्हायलाच नको होता! सुरू झाला, तिथेच पाणी मुरत होतं. आजही आठवलं की डोकं फिरतं. पण मशीन चालू झाल्यावर बायोसची तारीख कोण बघतं? ज्याचं सामान त्यानेच फोनवर गुंतवून ठेवलं होतं.

रात्री टास्क मॅनेजरमध्ये नाव दिसलं, रायझन 7 3700एक्स. पेस्ट पुसली, चिपच्या पत्र्यावरही तेच नाव. कोअर 8, थ्रेड 16, म्हणजे 5800एक्स3डी शी आकडे जुळणारे. पण एल3 32 एमबी आणि पिढी माझ्या 3600 चीच. गेममध्ये फरक जवळपास शून्य.

तक्रारीचं तर विचारूच नका. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. जिथे जाहिरात होती ते म्हणतात, व्यवहार आमच्याबाहेर झाला. पोलिसांत गेलो तर साहेबांनी विचारलं, “कॉम्प्युटर चालतोय ना? मग फसवणूक कसली?” दोन्ही चिपांमधला फरक मी कागदावर लिहून दिला, तो कागद न वाचता फाइलला टाचला. वस्तू मिळाली म्हणजे दिवाणी वाद म्हणे. म्हणजे सोनं म्हणून पितळ दिलं तरी पितळ मिळालं ना, असंच ना?

आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट: माझी 3200 च्या वेगाची रॅम 2133 वर चालत होती. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलं आणि अडखळणं बरंच थांबलं. फुकटात.

पेस्ट लावलेली चिप आली तर कॅमेऱ्यासमोर पुसा, मगच बसवा. विकत घेण्याआधी गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढले तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे, प्रोसेसरचा नाही. जुनी चिप हातची सोडू नका. उरलेले पैसे सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये नाव आणि कॅशे स्वतः वाचल्यावरच द्या, आणि तोवर त्याचा फोन उचलू नका.