नागपूरकडे झिंग्यासाठी तळं: अस्तराचं, मातीचं की टाकी?

३० × ३० × ३ मीटरच्या अस्तराच्या (प्लास्टिक अंथरलेल्या) शेततळ्यात १:१ उतार धरला तर पाणी मावतं २१९६ घनमीटर. अस्तर विकणारा हाच आकडा सांगतो. गोड्या पाण्यातला झिंगा मात्र तळावर राहतो, आणि तळाला जागा उरते २४ × २४, म्हणजे ५७६ चौरस मीटर. चौरस मीटरला ३ पिल्लं धरली की १७२८, बस्स.

अस्तराच्या तळ्यात पाणी झिरपत नाही, हा मोठाच गुण. पण तीन मीटर खोलीवर प्राणवायू पोचत नाही. ढगाळ दिवसांनंतर पहाटे झिंगे काठाला येऊन चिकटलेले दिसले की समजायचं, खाली प्राणवायू संपलाय. शिवाय प्लास्टिकवर किडे-जंतू फार होत नाहीत, म्हणून खाद्य जवळजवळ सगळं विकतचं. निचऱ्याचा पाइप नसतो; काढणीला मोटर लावून उपसायचं आणि घसरड्या उतारावरून खाली जायचं. तळं आधीच खोदलेलं असेल तर पाणी दीड मीटरच ठेवा आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा.

नव्यानं खोदत असाल तर मातीचंच घ्या. पाणी एक ते दीड मीटर, तळाला निचऱ्याकडे उतार. काळी माती पाणी धरते, पण खाली मुरूम लागला की सगळं झिरपतं. म्हणून जेसीबी बोलवण्याआधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन बघा. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या बांधाला भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात तो खचतो. उतार २:१ (दोन आडवं, एक उभं) पेक्षा उभा नको, माती थराथरानं दाबून घ्या. पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर मरळ (शिकारी मासा) शिरते आणि पिल्लं फस्त करते. मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) हीच अडचण: मरळ पूर्ण काढता येत नाही.

कात टाकलेला झिंगा मऊ असतो, बाकीचे त्याला खातात. लपायला जुने कवेलू (कौलं), पीव्हीसी पाइपचे तुकडे, वाळक्या फांद्या टाका. सिमेंटच्या किंवा बायोफ्लॉकच्या (पाण्यातच जंतू वाढवून घाण जिरवायची पद्धत) टाकीत दाटी झाली की हाच प्रकार जास्त होतो, आणि वीज गेली की थोड्याच वेळात प्राणवायू उतरतो. जनरेटर नसेल तर टाकी फक्त पिल्लं वाढवायला ठेवा.

पाणी २० अंशांखाली गेलं की झिंगा वाढत नाही, आणि नागपूरची थंडी डिसेंबरात तिथवर नेते. जुलैत बोटाएवढी पिल्लं सोडा, थंडी बसायच्या आत काढा.