बहावा की गुलमोहर?
बडोद्यात बंगल्याच्या आवारात एकच झाड लावायचं असेल तर मी बहावाच म्हणेन. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भराभर वाढतो, छत्रीसारखा पसरतो, मे महिन्यात लालभडक पेटतो. पण मुळं उथळ, फांद्या ठिसूळ. गेल्या वळवाच्या वाऱ्यात आमच्याकडची एक थेट स्कूटरवर आली!

बहावा, म्हणजे इथला गरमाळो, आपल्याच मातीतला. वाढायला सावकाश, पण आवाक्यात राहतो, आणि उन्हाळ्यात पिवळी झुंबरं लोंबतात. बी टणक असतं. एका बाजूने कानशीने जरा घासायचं, रात्रभर पाण्यात भिजवायचं, मग पेरायचं. काळ्या मातीत पाणी साचत असेल तर रोप उंचवट्यावर लावा. शेंगा हातभर लांब, काळ्या; अंगण झाडताना आई कुरकुरते, ते वेगळं.

ऐसपैस जागा असेल आणि सावलीच हवी असेल तर गुलमोहर लावा, भिंतीपासून लांब.