जाड्या-रड्या कामावर: आधी कोणता लघुपट बघाल?

लॉरेल-हार्डींनी, म्हणजे आपल्या जाड्या-रड्यांनी (जाड्या हार्डी, रड्या लॉरेल), कामगार बनून घातलेले गोंधळ पुष्कळ आहेत. त्यातला एकच निवडायचा तर गाडी बहुतेक तिघांपाशी येऊन थांबते: ‘द फिनिशिंग टच’ (१९२८), ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२) आणि ‘बिझी बॉडीज’ (१९३३). घरात लहान मुलं असतील तर डोळे झाकून ‘बिझी बॉडीज’ लावा.

तो जेमतेम वीस मिनिटांचा. जागा सॉ मिल, म्हणजे लाकूड कापायचा कारखाना, संवाद इतके कमी की इंग्रजी न कळणाऱ्यालाही काही अडत नाही. खिडकीच्या चौकटीत हार्डीचे हात अडकतात तिथपासून एकेक अवजार उलटायला लागतं. सरसात बुडवलेला ब्रश त्याच्या हनुवटीला चिकटतो, ओढून निघत नाही. मग लॉरेल साबणाचा फेस लावतो आणि रंधा घेऊन न्हाव्याच्या थाटात दाढीच करायला घेतो. हार्डीचा चेहरा तेवढा बघत राहा. शेवटी करवत त्यांच्या मोटारीचे उभे दोन तुकडे करते.

‘म्युझिक बॉक्स’ साधारण अर्ध्या तासाचा. लघु विनोदपटांसाठीचं पहिलं ऑस्कर याचं. खोक्यातला पियानो जिन्यानं टेकडीवरच्या घरी पोचवायचा, बस, एवढंच काम. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातला तो जिना अजून आहे, पायऱ्या १३०च्या वर. बाबागाडीवाल्या आयाला वाट करून देताना खोकं सुटतं, मग मध्ये पोलीस येतो, मग एक तापट प्रोफेसर. घाम गाळून दोघं वर पोचल्यावर पोस्टमन सांगतो की मागून गाडीरस्ता आहे. यावर हे शहाणे पियानो पुन्हा खाली उतरवतात आणि घोडागाडीनं वर आणतात! गंमत साचत जाते ती अशी, त्यामुळे मधूनच दहा मिनिटं बघून काही हाती लागत नाही. आवाज बंद ठेवून तर मुळीच बघू नका: खोकं आदळलं की आतल्या तारा झणझणतात, अर्धा विनोद त्यातच आहे. पहिल्या दहा मिनिटांत मुलं चुळबुळतील, मोठ्यांना मात्र तिघांत हाच सरस वाटेल.

‘फिनिशिंग टच’ मूकपट. अर्धवट घर वेळेत पुरं केलं तर ५०० डॉलर मिळणार. हार्डी तोंडात खिळे धरतो आणि गिळून बसतो. हे जरा जास्तच वेळा होतं. पण लांबच लांब फळीची गंमत चुकवू नका: एक टोक लॉरेलच्या खांद्यावर, फळी सरकतेय, सरकतेय, आणि दुसरं टोक धरून येतो तोही लॉरेलच. धुराड्यावर पक्षी बसतो नि घर ढासळायला लागतं. पुढे मारामारीत फेकायला म्हणून चाकाखालचा दगडच उचलला जातो, आणि सुटलेला ट्रक घरातून आरपार. याला संगीत मागाहून जोडलेलं असतं, ते प्रतीगणिक बदलतं. मिनिटभर ऐकून बरी प्रत निवडा.

तिन्ही मुळात कृष्णधवल आहेत. रंगवलेली प्रत समोर आली तर सोडून द्या.