‘पाऊस आहे, आत्ता उघडत नाही’ : जुन्या फोल्डिंग कॅम्परच्या खरेदीतली फसवणूक

‘आत्ता उघडला तर कॅनव्हास भिजेल आणि मग तुम्हालाच घरी नेऊन वाळवत बसावं लागेल.’ ब्रिटनमध्ये जुना ट्रेलर टेंट किंवा फोल्डिंग कॅम्पर (गाडीमागे ओढत न्यायचा, उघडला की कापडी छपराची राहायची जागा होणारा ट्रेलर) बघायला गेल्यावर विकणारा असं म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा आणि कोरड्या दिवशी परत या. बोलणं अगदी खरं असतं. ओला कॅनव्हास घडी घालून ठेवू नये हे कॅम्पिंग करणारा प्रत्येक जण सांगेल. म्हणूनच गिऱ्हाईक मान डोलावतं.

रेडिंगजवळ राहणारं एक मराठी कुटुंब याच बोलण्यावर २,६०० पौंडांना फसलं. नवरा-बायको, दोन मुलं, आणि उन्हाळ्यात पुण्याहून येणारे आजी-आजोबा. आधी त्यांच्याकडे आठ जणांचा तंबू होता. तंबूवरचा आकडा माणशी साधारण ६० सेंटिमीटर रुंदी धरून काढलेला असतो, त्यामुळे सामानसुमान धरून आठाच्या तंबूत चार-पाच जणच सुखाने राहतात. खरी अडचण जागेची नव्हती. आजींना रात्री जमिनीवरून उठता येत नव्हतं, आणि ऑगस्टातही पहाटे खालून गारठा चढत होता. पलंगासारखी उंच झोपायची जागा हवी, एवढ्यासाठी त्यांनी तंबू सोडला.

इथे दोन पर्याय समोर येतात आणि जाहिरातींत त्यांची सर्रास सरमिसळ केलेली असते. ट्रेलर टेंटमध्ये झोपायची जागा ट्रेलरवर असते, पण बसण्या-उठण्याची खोली जमिनीवर, तंबूसारखीच. तो हलका, बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसलेला, छोट्या गाडीलाही चालणारा. फोल्डिंग कॅम्परमध्ये सगळंच जमिनीपासून वर: पक्की फरशी, ओटा, बाकं, दोन्ही टोकांना बाहेर सरकणारे डबल बेड. सराव असेल तर पुढचा ऑनिंग, म्हणजे दारापुढचा कापडी मांडव, सोडून पंधरा मिनिटांत उभा राहतो. वजन मात्र जास्त. ट्रेलर टेंटला ‘कॅम्पर’ म्हणून कॅम्परची किंमत लावणं हा या बाजारातला सगळ्यात साधा डाव. फोटोत फरशी दिसत नसेल तर सरळ विचारा: ‘खोलीखाली गवत आहे का?’

या कुटुंबाला दाखवला तो खरोखरच फोल्डिंग कॅम्पर होता. जाहिरातीत लिहिलं होतं, कोरडा, गळती नाही, सहा जणांसाठी, घरगुती विक्री. फोटो कडक उन्हातले. प्रत्यक्षात तो एका यार्डात बंद उभा होता, शेजारी आणखी दोन कॅम्पर. रिमझिम चालू होती. विकणाऱ्याने झाकण हातभर उचललं. वरची घडी स्वच्छ, कोरडी, जलरोधक द्रव्याचा ताजा वास. टायरची नक्षी बोटाने दाखवून म्हणाला, ‘बघा, नवेच आहेत.’ पैसे बँकेतून वळते केले. पावतीवर ‘आहे त्या स्थितीत विकला’ एवढीच ओळ.

पुढच्या कोरड्या रविवारी मागच्या अंगणात तो उघडला. वरची एकच घडी नव्याने जलरोधक केलेली होती. तिच्याखालच्या प्रत्येक घडीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, घडीच्या रेषेत दाट. कोपऱ्यात अंगठ्याने दाबलं तर नख आरपार गेलं. बेडच्या प्लायवूडच्या कडा पुस्तकाच्या पानांसारख्या सुटलेल्या. दारापाशी फरशी पायाखाली दबत होती. ऑनिंगच्या दांड्यांपैकी दोन भलत्याच मॉडेलच्या, लांबीला आखूड.

असं होण्याचं कारण साधं आहे. या कॅम्परचा कॅनव्हास सुती किंवा सूत-पॉलिएस्टर मिश्र असतो. ओला मिटून ठेवला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि तसाच हिवाळाभर राहिला की बुरशी सुताचा धागाच खाते. नुसते ठिपके असले म्हणून कॅनव्हास बाद होत नाही. डाग जात नाहीत, पण कापड शाबूत असेल तर नवं जलरोधक द्रव्य लावून वर्षानुवर्षं चालतं. म्हणून डागाकडे बघत बसू नका, ताकद तपासा. घडीच्या जागी कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आडवं ताणा. चांगला कॅनव्हास हलत नाही, कुजलेला जुन्या वर्तमानपत्रासारखा फाटतो. कुठे कापड अचानक पांढरट दिसलं किंवा ब्लीचचा वास आला तर जास्त सावध व्हा, कारण ब्लीचने डाग जातो आणि शिवणीचा धागाही जातो. नवा कॅनव्हास शिवून घ्यायचा तर बहुतेक वेळा जुन्या कॅम्परच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. या कुटुंबाने तो नाद सोडला आणि सांगाडा सामानाचा ट्रेलर म्हणून ४०० पौंडांना विकला.

टायरचं बोलणंही तसंच. कॅम्पर वर्षाकाठी दोन-तीनदाच चालतो, त्यामुळे नक्षी झिजतच नाही. रबर मात्र वयाने मरतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की बदलायच्या विचाराला लागा, सातच्या पुढे वापरू नका. चाक जॅकवर उचलून फिरवा, घरघर आली तर बेअरिंग गेलं. वर-खाली धरून हलवा, ढिलेपणा जाणवला तरी तेच. गॅसच्या नळीवरही साल छापलेलं असतं. शेगडी पेटवूनच बघा, आणि गॅस खाली निघून जावा म्हणून तळाला ठेवलेलं भोक कुणी चिकटपट्टीने बुजवलंय का तेही पाहा. वारा येतो म्हणून लोक ते खरंच बुजवतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

‘कुठलीही गाडी ओढेल’ हे तर कधीच मानू नका. ब्रेक नसलेला ट्रेलर सामानासकट ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मा, यांत जे कमी असेल त्याहून जड चालत नाही. गाडी १,३०० किलोची असेल तर मर्यादा ६५० किलो. ब्रेक असलेल्यासाठी गाडीच्या व्हीआयएन (चेसिस क्रमांकाच्या) पाटीवर दोन आकडे बघा: गाडीचं कमाल वजन आणि गाडी व ट्रेलर मिळून कमाल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे ओढायची मर्यादा. दुसरा आकडाच नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक आणि काही हायब्रिड गाड्यांना ओढण्याची परवानगीच नसते, तेव्हा टो बार (ट्रेलर जोडायचा मागचा दांडा) बसवायच्या आधी हे पाहा.

आता पैशांची बाजू. विकणारा व्यापारी असेल तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष माल ३० दिवसांत परत करता येतो, आणि ‘आहे त्या स्थितीत’ असं पावतीवर लिहून तो हक्क काढून घेता येत नाही. खासगी विक्रीत माल जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे असला पाहिजे, एवढंच संरक्षण. म्हणूनच व्यापारी घरगुती विक्रेत्याचं सोंग घेतात. तसं सोंग घ्यायला कायद्याने बंदी आहे, पण सिद्ध तुम्हाला करावं लागतं. यार्डातले ते आणखी दोन कॅम्पर हाच पुरावा होता आणि त्यांचा फोटो कुणी काढला नाही. ‘कोरडा, गळती नाही’ ही ओळ तर खासगी विक्रीतही विकणाऱ्याला बांधून ठेवणारी होती. पैसे पोचले त्याच संध्याकाळी जाहिरात काढून टाकलेली, स्क्रीनशॉट नाही. जाहिरात बघताक्षणी जतन करून ठेवा, आणि तेच शब्द पावतीवर लिहून सही घ्या.

व्यापाऱ्याकडून घेताना रकमेचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला तरी १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातल्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही जबाबदार ठरते, मात्र वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत हवी. बँकेतून वळत्या केलेल्या पैशांचं तसं नाही. कॅम्पर मुळात नसतोच, नुसते चोरलेले फोटो आणि ‘राखून ठेवायला अनामत पाठवा’ अशी निव्वळ ठगगिरी असेल तर ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते. लगेच १५९ वर फोन करून बँकेला गाठा. पण वस्तू मिळाली आणि खराब निघाली, तर तो त्या भरपाईत न बसणारा दिवाणी वाद.

आणि घेण्याआधी घर तपासा. तंबू काढता येतो, गॅरेजात दोरीवर टाकला की वाळतो. कॅम्परचा कॅनव्हास वाळवायचा तर अख्खा कॅम्पर उघडावा लागतो, म्हणजे साधारण सहा मीटर लांबीची सपाट जागा लागते. नव्या वसाहतींतल्या बऱ्याच घरांच्या कागदपत्रांत दारात कॅरव्हॅन किंवा ट्रेलर उभा करायला मनाई असते. भाड्याच्या यार्डात ठेवलात तर तिथे उघडू देतील का, हे पैसे भरण्याआधी विचारा. उघडायला जागा नसेल तर चांगला घेतलेला कॅम्परही एका पावसाळी सुट्टीनंतर कुजायला लागतो. अशा घरांनी तंबूच ठेवावा आणि आजींसाठी उंच, घडीची खाट घ्यावी.

बघायला जाल तेव्हा कॅम्पर बंदच असू द्या, आणि विकणाऱ्याला तुमच्यासमोर उघडायला सांगा. सगळं तपासून झाल्यावर पुन्हा मिटायलाही त्यालाच सांगा आणि पूर्ण व्हिडिओ काढा. कापड कुठल्या बाजूने आत घ्यायचं हे चुकलं की ते झाकणाच्या बिजागरीत अडकतं, आणि घरी पहिल्यांदा मिटतानाच चांगला कॅनव्हास तिथे फाटतो.