स्टीम डेकवर जुना सॅन अँड्रियास: कुठले मॉड टाकायचे, कुठले राहू द्यायचे

एचडी टेक्श्चर पॅकच्या, म्हणजे भिंती-रस्त्यांची जास्त बारीक चित्रं टाकणाऱ्या मॉडच्या (मॉड म्हणजे गेम बदलणाऱ्या, चाहत्यांनी बनवलेल्या फाइल्स), नादी लागू नका हे आधीच सांगून टाकतो, कारण स्टीम डेकवर (व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा, लिनक्सवर चालणारा गेमिंग पीसी) जीटीए सॅन अँड्रियास टाकला की सगळ्यात आधी हात तिकडेच जातो. अरे पण साध्या डेकची स्क्रीन ७ इंची, रिझोल्यूशन १२८० बाय ८००, त्यावर ४के भिंती आणि ४के डांबर टाकून दिसणार काय? वर गेम ३२ बिटचा, म्हणजे मेमरीला मर्यादा, जड पॅक भरले की जोरात गाडी पळवताना समोरचा रस्ताच गायब होतो नाहीतर गेम सरळ बंद पडतो. या मशीनवर फरक पडतो तो रंगाने, उजेडाने आणि लांबचं दिसण्याने, आणि त्याला चार-पाच छोट्या फाइल्स पुरतात.

माझा सेटअप असा. सायलेंटपॅच (जुने बग दुरुस्त करतो), वाइडस्क्रीन फिक्स, स्कायजीएफएक्स, प्रोजेक्ट २डीएफएक्स, कंट्रोलरसाठी जीइनपुट आणि हे सगळं नीट सांभाळायला मॉडलोडर. बस. वाइडस्क्रीन फिक्सशिवाय कोपऱ्यातला रडार अंड्यासारखा ताणलेला दिसतो, फिक्स टाकला की छान गोल, आणि एकदा गोल बघितला की परत तो अंडाकृती बघवत नाही. जीइनपुट टाकलं की स्क्रीनवर कीबोर्डच्या कींऐवजी एक्सबॉक्सची बटणं दिसतात, डेकची बटणं तशीच असल्याने डोकं लावावं लागत नाही.

पण खरी मजा स्कायजीएफएक्सची. २००४ ला पीएस२ (प्लेस्टेशन २) वर आलेल्या गेममध्ये लॉस सँटोस शहरावर संध्याकाळी तो नारिंगी धुरकट उजेड असायचा बघा, २००५ च्या पीसी व्हर्जनमध्ये तो बराचसा गेला, आणि आपण सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळलो ते हे फिकं व्हर्जन, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मूळ रंग बघितलेलेच नाहीत. स्कायजीएफएक्सच्या आयएनआय फाइलमध्ये (सेटिंग्जची साधी टेक्स्ट फाइल) कलर फिल्टर पीएस२ वर ठेवा आणि ग्रोव्ह स्ट्रीटवर सूर्य मावळताना नुसते उभे राहा. छोट्या स्क्रीनवर हे रंग मॉनिटरपेक्षा जास्त छान वाटतात, खरंच. २०२१ च्या डेफिनिटिव्ह एडिशनवर (याच गेमची नव्याने बनवलेली आवृत्ती) लोक का चिडले तेही इथे कळतं, त्यांनी धुकं काढलं आणि एवढा मोठा मॅप अचानक गावाएवढा वाटायला लागला (२०२४ च्या अपडेटमध्ये जुन्यासारखा उजेड परत दिला, पण तोवर तीन वर्षं गेली होती). २डीएफएक्सने लांबचे दिवे दिसतात, रात्री विमानातून लास व्हेंचुरास बघायला भारी, फक्त ड्रॉ डिस्टन्स (किती लांबचं दिसावं ते) हावरटासारखा वाढवू नका, नाहीतर सगळं धुकं जाऊन परत तेच रडगाणं.

आता इन्स्टॉलचं. स्टीमवरचं व्हर्जन २०१४ च्या अपडेटनंतर मॉडला फारसं चालत नाही, काही गाणीपण काढलीयत त्यातून, त्यामुळे आधी १.० या जुन्या व्हर्जनवर डाउनग्रेड करावं लागतं. हे काम विंडोज पीसीवर उरका, मॉडपण तिथेच टाका आणि पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हने डेकवर आणा, मग डेस्कटॉप मोडमधून नॉन-स्टीम गेम म्हणून जोडा आणि कंपॅटिबिलिटीत प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) निवडा. प्रोटॉन निवडल्याशिवाय काहीच चालू होणार नाही, उगाच नेट धुंडाळत बसाल.

डेकवर दोन गोष्टी विंडोजपेक्षा वेगळ्या आहेत आणि निम्म्या लोकांचं घोडं तिथेच अडतं. एक, डीइनपुट८ नावाची डीएलएल (विंडोजच्या प्रोग्रॅमला लागणारी जोड-फाइल). काही मॉड या फाइलच्या नावाने आत शिरतात, पण प्रोटॉनकडे त्याच नावाची स्वतःची फाइल असते आणि तो आपल्या फोल्डरातली सोडून स्वतःचीच उचलतो. मग गेम मस्त चालू होतो, मॉड मात्र एकही दिसत नाही. लाँच ऑप्शन्समध्ये डीएलएल ओव्हरराइडची एक ओळ टाकली की झालं. व्हॉर्बिसफाइल नावाचा लोडर (मॉड आत घेणारी फाइल) वापरलात तर ही भानगडच नाही, कारण प्रोटॉनकडे ती फाइल नसतेच. दुसरं, लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात. गेमच्या फोल्डरचं नाव स्मॉल एम ने आणि मॉडचं कॅपिटल एम ने सुरू होत असेल तर कॉपी करताना एकाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी बसतात आणि गेम त्यातला भलताच वाचतो. म्हणून म्हणतो मॉडलोडर घ्या, मूळ फोल्डरला हातच लावायला नको.

फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) ६० करायचा मोह होईल, नको. या गेमचं पोहणं-बिहणं ३० च्या आसपासच नीट चालतं. गेममधला फ्रेम लिमिटर बंद करून डेकच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून ३० लावा, तिथेच टीडीपी (चिपने किती वीज खावी त्याची मर्यादा) ५-६ वॅटवर आणा. फॅनचा आवाज जवळपास येत नाही आणि बॅटरी, जुना एलसीडी डेक असूनही, आरामात चार-पाच तास जाते. नवीन गेममध्ये हाच डेक दोन तासांत मान टाकतो.

डेस्कटॉप मोडमध्ये टाइप करणं मात्र वैताग आहे. स्टीम आणि एक्स दाबून कीबोर्ड येतो, पण तो नेमका ज्या खिडकीत लिहायचंय तिच्यावरच येऊन बसतो. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर तोच जोडा.

आणि घ्यायचा का? डेक भारतात अधिकृत मिळत नाही, बाहेरून आणलेला घ्यायचा म्हणजे जास्तीचे पैसे आणि इथे वॉरंटी शून्य. रॉग अलाय (आसुसचा असाच हातातला गेमिंग पीसी) इथे दुकानात मिळतो, विंडोजवर चालतो, म्हणजे वरची डीएलएल आणि फोल्डरची कटकट नाहीच, स्क्रीनपण १०८०पी. पण झोपवून उठवला की गेम जिथे सोडला तिथूनच चालू, हे डेकवर जितकं बिनबोभाट होतं तितकं विंडोजवर होत नाही, आणि लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मधे एखादं मिशन खेळणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त लागतं. बाहेरून कोणी येणार असेल तर डेक मागवा, नाहीतर अलाय घ्या. टेक्श्चर पॅक दोन्हीकडे नकोच.