साताऱ्याची 'कॉर्पोरेट कोट्यातली' एन्ट्री आणि आमचे ९८,२०० रुपये

आमच्या पुण्यातल्या तळजाईच्या रनिंग ग्रुपमधल्या १९ जणांचे मिळून ९८,२०० रुपये गेले. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनच्या एन्ट्रीच्या नावाखाली गेले, आणि घेणारा कोणी अनोळखी फोनवाला नव्हता, मार्चपासून चार महिने तो आमच्याबरोबर पहाटे सव्वापाचला टेकडीवर पळत होता. म्हणूनच लिहितेय. पुढच्या सीझनच्या एन्ट्र्या सुरू झाल्या की दुसऱ्या कुठल्या ग्रुपचं असं व्हायला नको. आयोजकांचा यात काडीचाही संबंध नाही हे आधीच सांगते, त्यांच्या काउंटरवरच्या पोरांनी आम्हाला खूप समजून घेतलं.

ज्यांना ही रेस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, २१ किलोमीटर, त्यातलं साधारण अर्धं अंतर यवतेश्वरचा घाट चढत कासच्या दिशेने वर जायचं आणि मग तोच रस्ता उतरत खाली यायचं, तेही ऐन पावसाळ्यात, धुकं आणि भुरभुर पाऊस असताना. पुण्यातले लोक त्यासाठी उन्हाळ्यापासून बोपदेव घाट, सिंहगड, कात्रज असं चढाचं ट्रेनिंग करतात. पण एन्ट्री मिळणं हीच पहिली रेस असते, रजिस्ट्रेशन सुरू झालं की बघता बघता फुल्ल. आमच्या ग्रुपमध्ये शाळेत शिकवणाऱ्या आहेत, दुकानवाले आहेत, मी स्वतः पतसंस्थेत काउंटरला बसते, आम्हाला त्या वेळी फोन हातात घेऊन बसता येत नाही. यंदा आमच्यातल्या फक्त तिघांना एन्ट्री मिळाली, बाकी सगळे हळहळत बसलो. आणि हे त्याला माहीत होतं, कारण टेकडीवर आम्ही दुसरं काही बोलतच नव्हतो.

तो माणूस कसा होता ते सांगितल्याशिवाय आम्ही पैसे का दिले ते कळणार नाही. चाळिशीचा असेल, पळायला खरोखर चांगला. नवीन आलेल्यांबरोबर मुद्दाम मागे राहायचा, चढाला पावलं छोटी टाका, नजर खाली रस्त्यावर ठेवा, श्वास बघा असं सांगत सांगत वर न्यायचा. रविवारी लाँग रन झाला की गाडीच्या डिकीतून केळी आणि लिंबू-मीठ-साखरेच्या बाटल्या काढायचा. आमच्यात एक सहकारनगरचे काका आहेत, वय ६१, त्यांची ही पहिली हिल रन होती, त्यांना बोपदेवला पहिल्यांदा न थांबता वर नेलं ते यानेच. काकांनी त्या दिवशी घरून साबुदाण्याची खिचडी आणली होती सगळ्यांना. पहाटेच्या अंधारात जो तुमच्या शेजारून धापा टाकत पळतो त्याचं घर कुठे, काम काय, हे कोणी विचारत नाही. आम्हीपण नाही विचारलं. त्याचं आडनाव तरी खरं होतं का हे आम्हाला आजही माहीत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला की त्याच्या ओळखीच्या एका कंपनीने स्टाफसाठी ४० बिब्स, म्हणजे छातीवर लावायचे रेसचे नंबर, बल्कमध्ये घेतलेत, त्यातले निम्मे लोक येत नाहीयेत, नावं बदलून मिळतील. एन्ट्री, शनिवारची रात्र साताऱ्यात मुक्काम आणि स्वारगेटवरून बस असं सगळं धरून ४,८०० रुपये. नुसती एन्ट्री नाही देणार म्हणाला, कंपनीचं पॅकेज आहे. त्या वीकेंडला साताऱ्यात रूम मिळणं किती अवघड असतं ते जाणारे जाणतात, त्यामुळे आम्हाला ते महागही वाटलं नाही. दोन दिवसांत १९ जणांनी पैसे टाकले. ९१,२०० झाले.

आता मागे वळून बघताना प्रत्येक गोष्ट दिसते आणि स्वतःचा राग येतो. क्यूआर स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर भलत्याच एका बाईचं नाव आलं. मी विचारलं पण, तर म्हणाला वहिनीचं अकाउंट आहे, माझं आजचं लिमिट संपलंय. मी दिवसभर लोकांच्या पावत्या तपासते, नाव जुळत नसेल तर दहा रुपयेसुद्धा पुढे सरकू देत नाही, आणि तिथे मी 'बरं' म्हणून पिन टाकला. दुसरं म्हणजे फॉर्म. खऱ्या रेसच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख, ब्लड ग्रुप, टी-शर्टची साइज, इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा ते, सगळं विचारतात. याने फक्त नाव, मोबाइल आणि आधारचा फोटो मागितला. बिब घेताना ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यामुळे आधार मागितल्याचं कोणाला खटकलं नाही, पण ब्लड ग्रुप न विचारल्याचंही खटकलं नाही.

आणि कन्फर्मेशन. ऑनलाइन एन्ट्री झाली की मेल येतो, तुमच्या स्वतःच्या ईमेलवर, रजिस्ट्रेशनवाल्यांकडून, त्यात नंबर असतो आणि तो तुम्हाला त्यांच्याकडे टाकून बघता येतो. आम्हाला व्हॉट्सअपवर फोटो आले. लोगो, नाव, चार आकडी चेस्ट नंबर, खाली हिरव्या रंगात कन्फर्म्ड. आम्ही ते स्टेटसला ठेवले. मेल का नाही आला विचारल्यावर म्हणाला कॉर्पोरेट एन्ट्रीचा मेल कंपनीच्या एचआरला जातो. ते ऐकायला इतकं बरोबर वाटलं की पुढे कोणी विचारलंच नाही. मूळ आयोजकांना एक मेल टाकला असता, या नावाने एन्ट्री आहे का एवढंच विचारलं असतं, तर जूनमध्येच सगळं उघडं पडलं असतं.

जुलैपासून त्याचं येणं कमी झालं, सासऱ्यांचं आजारपण आहे म्हणाला. आम्ही उलट काळजीने विचारपूस करत होतो. रेसच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मेसेज, बसवाल्याने डिझेल आणि नाश्त्याचे जास्तीचे मागितलेत, माणशी ५००. चौदा जणांनी लगेच टाकले. शनिवारी सकाळी दुसरा मेसेज, बस बिघडली, तुम्ही आपापल्या गाड्यांनी या, मी साताऱ्यातच आहे, काउंटरवर भेटतो. हे होतं दहा वाजता. आम्ही पाच गाड्या केल्या, खंबाटकीला ट्रॅफिक लागलं, तिथून फोन लावला तर लागला नाही. त्यानंतर तो फोन कधीच लागला नाही.

काउंटरवर काका आमच्यात सगळ्यात पुढे होते. समोरची मुलगी, कॉलेजमधली असेल, अंगावर ओला रेनकोट, तिने लॅपटॉपवर नाव शोधलं, नाही. आडनावाचं स्पेलिंग विचारलं, काकांनी एकेक अक्षर सांगितलं, नाही. मग मोबाइल नंबर, मग ईमेल. काकांनी तीन वेळा तेच स्पेलिंग सावकाश सांगितलं, जणू त्यांचंच काही चुकत होतं. मग मी फोनमधला तो कन्फर्म्डचा फोटो दाखवला, तिने तो मोठा करून बघितला, शेजारच्या मुलाला दाखवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे आमचं नाहीये." काकांनी हातातल्या आधारच्या झेरॉक्सची चार वेळा घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि आम्हाला म्हणाले, "चला, मागे लाइन आहे, पोरांना खोळंबवू नका." मला तिथे रडू आलं. पैशांचं नंतर, पण या माणसाने पाच महिने पहाटे उठून गुडघ्याला नीकॅप बांधून चढ चढले होते.

तिथेच एकाने अजून एक आमिष दाखवलं, त्याचा मित्र येणार नव्हता, म्हणाला काकांना त्याच्या बिबवर पळू द्या. आम्ही नको म्हणालो आणि ते बरं केलं. बिब हस्तांतरित होत नाही हा नियम उगाच नसतो. त्या नंबरामागे ब्लड ग्रुप, वय, घरच्यांचा फोन दुसऱ्याचा असतो. उद्या घाटात कोणी कोसळलं तर ॲम्ब्युलन्सवाले तो नंबर बघून फोन लावणार, तो लागणार भलत्याच घरी. खरं तर 'नाव बदलून मिळेल' हे वाक्य ऐकलं तेव्हाच आम्ही थांबायला हवं होतं, असं बदलायची सोय असली तरी ती आयोजक स्वतः जाहीर करतात, मधला माणूस देत नाही.

त्या रात्री आम्ही १९३० ला फोन केला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, पाठ करून ठेवा. त्यांनी कुठल्या बँकेतून, कधी, किती गेले आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, विचारला, तो १२ आकडी असतो, यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो. नंतर मेसेजवर तक्रारीचा नंबर आला, मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर सगळे स्क्रीनशॉट टाकले. जूनचे ९१,२०० त्या खात्यातून केव्हाच निघून गेले होते. पण शुक्रवारच्या पैशांतले ४,५०० अजून पुढच्या एका खात्यात होते, ते होल्ड झाले. दुसऱ्याच दिवशी कळवलं त्यातलं काहीतरी सापडलं, तीन महिन्यांपूर्वीचं काहीच नाही. आणि ती बाई, जिच्या नावाचं खातं होतं, तिने म्हणे कमिशनवर खातं वापरायला दिलेलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या तिघांची रेस होती. काका परत नाही गेले, पहाटे छत्री घेऊन घाटाच्या सुरुवातीला उभे राहिले आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत टाळ्या वाजवत होते.

प्रकरण इथेच संपलं नाही. चार दिवसांनी आमच्यातल्या एका ताईंना फोन आला, रेसच्या हेल्पडेस्कवरून बोलतोय, तुमची तक्रार मिळाली, रिफंड देतोय, पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका. त्यांना आमच्या सगळ्यांची नावं, ४,८०० चा आकडा, सगळं माहीत होतं. ताईंनी पिन टाकला आणि आणखी ६,००० गेले. कृपा करून घरातल्या मोठ्यांना हे बसवून सांगा, पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही, क्यूआर स्कॅन करून पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणारच. आधारचे फोटो दिले होते म्हणून आम्ही सगळ्यांनी एमआधार या आधारच्या सरकारी ॲपवर बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केलं, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघितलं. इथून पुढे आधार द्यावंच लागलं तर मास्क केलेलं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आमच्यातल्या पाचसहा जणांना तक्रारच नको होती. ४,८०० साठी कुठे पोलीस स्टेशनला खेटे घाला, ऑफिसात कळलं तर काय, आपणच मूर्खपणा केला. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन स्टेटमेंट गोळा केली, कारण एकट्याचे ४,८०० आणि १९ जणांचे ९८,२०० याच्याकडे बघायची नजर वेगळी असते. आणि ते केलं म्हणूनच गेल्या आठवड्यात चिंचवडच्या एका ग्रुपमधल्या मुलीचा मला फोन आला. त्यांच्याकडे तोच माणूस दुसऱ्या नावाने मेमध्ये पळायला यायचा, तीच केळी, तीच लिंबू-मीठाची बाटली. तिने लाजेखातर कोणाला सांगितलं नव्हतं. तिला आलेला कन्फर्मेशनचा फोटो तिने मला पाठवला, त्यावर माझाच चेस्ट नंबर आहे.

सोमवारी आम्ही दोघी एकत्र जाऊन तो फोटो तक्रारीला जोडणार आहोत. तुमच्याकडे किंवा तुमच्या ग्रुपमध्ये कोणाकडे असा हिरव्या अक्षरांतला फोटो आला असेल तर डिलीट करू नका, चॅट, यूटीआर आणि बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा आणि तक्रार अजून केली नसेल तर आजच करा.